भुऱ्याचा वाढदिवस, ६४९ रुपयांचा खोका आणि पाव किलो चक्का

आधी खोक्याचं सांगते, कारण पैसे त्याचे गेले.

लेकीने आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, वाढदिवसासाठी पुण्यात बसून मागवला आणि थेट आमच्या नाशिकच्या जेल रोडच्या पत्त्यावर पाठवला. वर लिहिलेलं, 'कुत्र्यांसाठी फ्रॉस्टेड ट्रीट्स, बनवा घरच्या घरी'. किंमत ६४९ रुपये. उघडला तर आत पिठाची १५० ग्रॅमची पुडी, 'योगर्ट फ्रॉस्टिंग' (म्हणजे बिस्किटावर लावायचा दह्याचा लेप) नावाच्या पांढऱ्या पावडरीची ६० ग्रॅमची पुडी, रंगीत साखरगोळ्यांची अंगठ्याएवढी डबी, हाडाच्या आकाराचा सिलिकॉनचा साचा, एक पायपिंग बॅग आणि पंजाच्या आकाराची मेणबत्ती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी माझं बोलणं अजून संपलेलं नाही. पाचपैकी दोन तारे देते. दोन्ही साच्याला.

मला यात काय कळतं, असं कुणी म्हणायच्या आत सांगून टाकते. वीस वर्षं मी घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि दिवाळीत फराळाच्या. ज्यांच्या पहिल्या वाढदिवसाचा केक मी केला, ती पोरं आता बाइकवर कॉलेजला जातात. बटरक्रीम, रॉयल आयसिंग, फाँडंट, सगळं हाताखालून गेलंय. तेव्हा फ्रॉस्टिंग कसं करतात हे मला खोक्याकडून शिकायचं नव्हतं. पण कुत्र्यासाठी मात्र मी कधी केलं नव्हतं. माणसांच्या केकचा चुरासुद्धा भुऱ्याला द्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम.

भुऱ्या गावठी आहे. वजन १४ किलो, एक कान उभा, एक पडलेला. सहा वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला भर पावसात आमच्या जिन्याखाली येऊन बसला. ह्यांनी त्याला नारळीभाताचं पातेलं चाटायला दिलं आणि तो गेलाच नाही. जन्मतारीख कुणाला ठाऊक, म्हणून नारळी पौर्णिमा हाच वाढदिवस.

पिठाची पुडी ठीक होती. अंडं आणि पाणी घालून मळलं, साच्यात दाबलं, ओटीजीत भाजलं. जरा दडदडीत झाली बिस्किटं, पण कुत्र्याला दात आहेत. घोटाळा झाला तो फ्रॉस्टिंगला. 'पाण्यात कालवून पाच मिनिटं फेटा' म्हणून सांगितलेलं. पाच मिनिटांनी माझ्या वाटीत जे तयार झालं ते रंगकाम करणारे भिंतीला लांबी भरतात ना, अगदी तसलं. नोझलमधून बाहेर यायला तयार नाही, आणि आलं की वळवळत मध्येच तुटतंय. चव घेतली. मी सगळ्याची चव घेते, तो धंद्याचा भाग आहे. गोड. इतकं गोड की डावीकडची दाढ ठणकली. दह्याचा आंबूसपणा औषधालाही नाही, नुसता व्हॅनिलाचा वास.

आमचे हे नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. बारीक अक्षर दिसलं की ह्यांचा हात आपोआप भिंगाकडे जातो. पुडीची मागची बाजू त्यांनी वाचून दाखवली. घटक वजनाच्या क्रमाने छापलेले असतात, जे सर्वांत जास्त ते पहिलं. पहिलं नाव डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच. दुसरं पाम कर्नल फॅट. मग टॅपिओका स्टार्च. योगर्ट पावडर चौथी. आणि शेवटी नुसतं 'नॅचरल स्वीटनर'. कुठलं, ते नाही.

इथे मी पुडी खाली ठेवली.

कारण गोडव्यासाठी वापरतात त्यातलं झायलिटॉल नावाचं एक प्रकरण कुत्र्यांसाठी सरळसरळ विष आहे. माणसाला त्याने काही होत नाही. साखरविरहित च्युइंगगममध्ये असतं, काही टूथपेस्टमध्ये असतं, 'शुगर फ्री' पीनट बटरमध्येही असू शकतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की त्याचं स्वादुपिंड फसतं, खरीच साखर आली असं समजून भराभरा इन्सुलिन सोडतं, आणि रक्तातली साखर तासाभराच्या आतही धाडकन खाली येऊ शकते. कुत्रं झोकांड्या खातं, आचके येतात. मात्रा वाढली तर यकृत निकामी होतं. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्याने साखर उतरायला सुरुवात होते. आमच्या चौदा किलोच्या साहेबांना दीड ग्रॅमसुद्धा नको. दीड ग्रॅम म्हणजे चिमूटभर. शिवाय ते बर्च शुगर अशा सोज्वळ नावानेही येतं, आणि नुसत्या ९६७ या आकड्यानेही.

खोक्यात झायलिटॉलच होतं असं मी म्हणत नाही. बहुतेक नसेलच. पण खात्यात असलेला प्रत्येक पैसा कुठून आला हे विचारायची आपल्याला सवय, मग पुडीतला गोडवा कुठून आला हे का विचारू नये? कंपनीला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं, 'हाय पेट पॅरेंट! आमची सर्व उत्पादनं प्रेमाने बनवली जातात'. पुन्हा विचारलं, तर कृती गोपनीय आहे म्हणे. मी कृती कुठे मागितली होती? तिसऱ्या मेलला उत्तर नाही. पावडर कचऱ्यात गेली, साखरगोळ्याही गेल्या. बिस्किटं तेवढी भुऱ्याला दिली. त्याने एक तोंडात धरलं, सोफ्याखाली नेऊन ठेवलं आणि परत येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसला.

लेकीला फोन केला तर म्हणते, "आई, तू स्वतः केक करतेस आणि मी तुला खोका पाठवला, चुकलंच माझं." मग तीच म्हणाली, "दह्याचं काहीतरी कर ना." आणि माझी ट्यूब पेटली. दह्याचं, घट्ट, नोझलमधून सुबक पडेल असं, बिनसाखरेचं. अहो, हा तर चक्का! श्रीखंडाला आणतो तोच.

नाशकात दहीपूल नावाचा भाग आहे, चक्का तिथून आणला असं सांगितलं तर छान शोभेल. पण आणला तो आमच्या जेल रोडच्याच डेअरीतून, पाव किलो, नव्वद रुपये. विचारून घ्यावं लागतं, साखर घातलेली नाही ना म्हणून. तयार श्रीखंड चालणारच नाही. एक तर साखर, आणि दुसरं त्यात जायफळ असतं. कुत्र्याला जायफळ सोसत नाही. खरवडून घातलेल्या चिमटीने तो मरणार नाही, पण मुद्दाम द्यायचं कशाला? चक्क्याची आणखी एक सोय आहे. पिल्लूपण सरलेल्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, दूध दिलं की बऱ्याच जणांचं पोट बिघडतं. चक्का टांगताना पाण्याबरोबर त्यातली बरीचशी निथळून जाते. भुऱ्याला दुधाने होतं ते चक्क्याने झालं नाही.

दुसऱ्या खेपेला मी घरीच टांगला. किलोभर दही, पंचा, रात्रभर नळाला. सकाळी पावणेचारशे ग्रॅम चक्का मिळाला आणि पंचा सिंकमध्ये ठेवून मी चहा टाकायला वळले. वळले तेवढ्यात पंचा गायब. भुऱ्या हॉलमध्ये, तोंडात पंचा, मागे हे, ह्यांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. सोडवून घेतला तेव्हा एक कोपरा नव्हता. जमिनीवर पसरून मोजला, चार बोटं कमी. चार बोटं कापड पोटात. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, उलट्या होतायत का, खातोय का, शी केली का. लक्ष ठेवा म्हणाले, यातलं काही बिघडलं तर ताबडतोब आणा, कापड आतड्यात अडकलं तर पोट उघडावं लागतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कोपरा बाहेर आला, कुठून ते सांगत नाही. तेव्हापासून पंचा चक्का काढल्याबरोबर साबणाच्या पाण्यात जातो.

आता फ्रॉस्टिंग. नुसता चक्का नोझलमधून येतो छान, पण आंबट असतो आणि श्रावणात जास्तच. भुऱ्याची तक्रार नसते. मी मात्र त्यात शेंगदाण्याचं लोणी घालते. चार चमचे चक्क्याला एक चमचा. बाजारातल्या बरण्या पाहिल्या. बऱ्याचशांत साखर, मीठ आणि वरून तेल. नुसत्या शेंगदाण्याचीही मिळते, पण दाणे भाजून कूट तर आपण रोजच करतो. तेच मिक्सर न थांबवता फिरवत राहायचं. आधी कूट, मग लाडवासारखा गोळा होऊन भांड्याला चिकटतो, तिथे हिंमत सोडायची नाही. थांबून कडा खरवडायच्या, पुन्हा फिरवायचं. सात-आठ मिनिटांत तेल सुटतं आणि गोळा एकदम सैल पडतो, लोण्यासारखा. मीठ नाही, साखर नाही. एक काम मात्र डोळ्यांत तेल घालून करायचं. काळे पडलेले, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून फेकायचे. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि कुत्र्याचं यकृत त्याच्यापुढे टिकत नाही. भाजल्याने ते जात नाही. पावसाळ्यात तर मी दाणे आधी ताटात पसरून चष्मा लावून बसते.

मोबाइलवर ज्याच्या त्याच्या कृतीत खोबरेल तेल होतं. म्हणे त्याने फ्रॉस्टिंग घट्ट बसतं. केलं एकदा. खोबरेल गोठतं ते साधारण २४ अंशांच्या खाली. नाशिकच्या थंडीत ठीक आहे, डिसेंबरात आमची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब देत नाही. पण श्रावणात ती ना धड पातळ ना धड घट्ट. फ्रिजमधून काढलेलं फ्रॉस्टिंग दगड, आणि ताटात दहा मिनिटांत बिस्किटावरून घरंगळून खाली. शिवाय इतकं स्निग्ध कुत्र्याला बरं नव्हे, स्वादुपिंडाला सूज येते. बटरक्रीम बाद झालं ते याच कारणाने. तीनदा फेटायला लावणाऱ्या बटरक्रीमला मी वीस वर्षं हात जोडत आले, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मला हवा होता वाळलेला पापुद्रा, बोटाला न लागणारा. तो मिळाला साबुदाण्यात! साबुदाणा मिक्सरला अगदी बारीक करायचा, एका चमच्याला पाव कप पाणी घालून मंद आंचेवर ढवळत खळ शिजवायची, पारदर्शक होईपर्यंत. पूर्ण गार झाली की तीन चमचे चक्क्यात एक चमचा घोटायची. बिस्किट त्यात बुडवून जाळीवर ठेवायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये, झाकण न लावता. सकाळी वर मऊ, सुक्या पेढ्यासारखी साय धरलेली असते. काचेसारखी चमक येत नाही. चमक हवी असेल तर साखर हवी, आणि साखर नको म्हणून तर एवढा खटाटोप. खळ गरम असताना घातली तर चक्का फाटतो, ते माझ्याकडून एकदा झालं. बिस्किट कोमट असताना फ्रॉस्टिंग लावू नये हे मी शिकवणीला येणाऱ्या मुलींना घसा कोरडा करून सांगते. आणि स्वतः भुऱ्या पायाशी कुईकुई करतो म्हणून घाईने लावलं. व्हायचं ते झालं. ताटलीत तळं.

बिस्किटांचा साधा हिशेब: अर्धी वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, शिजवून कोरडा कुस्करलेला लाल भोपळा शंभर ग्रॅम, एक अंडं, एक चमचा शेंगदाण्याचं लोणी. पहिल्यांदा निव्वळ नाचणीची केली तर उलटताना भाकरीच्या कडेसारखी तुटली, कणकेशिवाय तिला धरून ठेवायला काही नाही. पाऊण बोट जाड लाटून १७० अंशांवर पंचवीस मिनिटं. बेकिंग पावडर घालत नाही, बिस्किटाने फुगून करायचंय काय?

कापायला हाडाचा कटर हवा म्हणून मुद्दाम रिक्षा करून भांडी बाजारात गेले. साचा खोक्याबरोबर आला होता, पण त्यात एका वेळी सहाच बसतात. दुकानदार म्हणाला, "हाडाच्या आकाराचं? काय करता ताई त्याचं?" म्हटलं, कुत्र्यासाठी बिस्किटं. त्याने गल्ल्यावरूनच एक पितळी कातणं पुढे सरकवलं. "मग शंकरपाळे करा की. त्याला काय कळतंय हाड आणि शंकरपाळा." घरात तीन कातणी असून मी चौथं घेऊन आले. बरोबर होता तो माणूस. आता भुऱ्याची बिस्किटं शंकरपाळ्याच्या आकाराची असतात, पीठही वाया जात नाही. हाडाच्या साच्यात मी चक्का भरून गोठवते. कडक उन्हाळ्यात तो साचा कामाला येतो, म्हणून ते दोन तारे.

रंगाचं थोडक्यात. लेकीला फोटोसाठी गुलाबी हवं होतं, म्हणून बिटाच्या कीसाचं पाणी घातलं. रंग सुरेख आला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी भुऱ्याची शी पाहिली आणि डॉक्टरांचा नंबर फिरवायला घेतला. बिट आहे हो, म्हणून मी हातातून फोन काढून घेतला. गंमत म्हणजे कुत्र्याला गुलाबी दिसतच नाही. त्यांना निळं आणि पिवळं ओळखू येतं, लाल त्यांच्या लेखी मळकट. चवीतही आपल्या जिभेवर साधारण ९,००० रुचिकलिका तर त्यांच्या १,७०० च्या आसपास. त्याचं सगळं नाकावर चालतं. भोपळ्याच्या बिस्किटावर चक्का-शेंगदाणा लावून बशी खाली ठेवली की भुऱ्या आधी दोन मिनिटं नुसता वास घेतो. मग जिभेने सगळं फ्रॉस्टिंग साफ करतो, बिस्किट ओलं करून सोडतो, पाणी पिऊन येतो आणि मग बिस्किट खातो. नोझलने काढलेली फुलं त्याने आजवर एकदाही पाहिलेली नाहीत.

तपकिरी हवं असेल तर कॅरोब पावडर मिळते, दिसायला कोकोसारखी, आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमिन तिच्यात नाही. थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, हृदयावर आणि मेंदूवर चढतं. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट, आणि कोको पावडर तर सगळ्यांत वाईट. माझ्या घरात तिचा डबा बारा महिने असतो, म्हणून तो माळ्यावर. कॅरोब आणून पाहिली. वास भिजलेल्या खजुरासारखा, भुऱ्याला ना आनंद ना दुःख. पुन्हा आणणार नाही.

आपल्या गावाचंही एक बोलायला हवं. नाशिकचं नाव घेतलं की द्राक्षं आणि लासलगावचा कांदा, आणि कुत्र्याला या दोन्ही गोष्टी वर्ज्य. कांदा, लसूण शिजवलेले असले तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. खारं फ्रॉस्टिंग म्हणून कुणी सूपची वडी विरघळवून घालत असेल तर तिच्यात बहुधा कांद्याची पूड असते, ती ताज्या कांद्याहून तीव्र. द्राक्षाने आणि बेदाण्याने मूत्रपिंडं बंद पडतात, आणि कुठलं कुत्रं किती सोसेल याचा काही नेम नाही. पिंपळगावला माझ्या दिरांची बाग आहे. फेब्रुवारीत तिथे गेलो की भुऱ्याचा पट्टा खाटेला बांधलेला असतो आणि दीर दर वेळी म्हणतात, "वहिनी, आमची कुत्री खातात की, काही होत नाही." होत नाही तोवर होत नाही.

यात माझ्या धंद्याचा संबंध आहे, म्हणून सांगते. द्राक्षात नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्यांना धागा मिळाला तो घरी केलेल्या खेळायच्या पिठाच्या गोळ्यातून. तो खाल्लेल्या कुत्र्याला द्राक्षाने होतो तसाच त्रास झाला होता, आणि त्या गोळ्यात होतं क्रीम ऑफ टार्टर. हे वाचलं तेव्हा मी उठून माझी फळी पाहिली. अंड्याचा पांढरा बलक फेटून आयसिंग करायचं तर तो बसू नये म्हणून मी पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर घालते, वर्षानुवर्षं. म्हणजे कुणी साखर वगळून, अंडंच तर आहे म्हणून, कुत्र्याला तसलं पांढरंशुभ्र फेसाळ फ्रॉस्टिंग करून देईल आणि त्यात नेमकं हेच घालेल. चिंचेतही टार्टरिक आम्ल भरपूर असतं, तेव्हा आमटीभातही बंद.

किती द्यायचं? डॉक्टरांनी सांगितलं होतं, वरचा खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचा नाही. लेकीने फोनवर आकडेमोड केली. चौदा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी, म्हणजे खाऊच्या वाट्याला ८०. माझ्या पिठाची चोवीस बिस्किटं होतात, फ्रॉस्टिंगसह एकाच्या चाळीसच्या आसपास. म्हणजे दोन. वाढदिवसालासुद्धा दोनच. आणि नुसतं शेंगदाण्याचं लोणी मोठा चमचाभर दिलं तर तेच ९५ होतं, हे ऐकून हे गप्प झाले. तेव्हा कळलं, मी बाजारात गेले की चमचा कुणाला चाटायला मिळतो ते.

बिनफ्रॉस्टिंगची बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतात, पावसाळ्यात मी पाच दिवसांवर जात नाही. फ्रॉस्टिंग लावलेली फ्रिजमध्ये तीन दिवस. वास किंचित बदलला तरी टाकायची. एकूण खर्च मोजला तर चोवीस बिस्किटांना दीडशेच्या आत, त्यातही चक्का उरतो. त्या उरलेल्याचं आम्ही श्रीखंड करतो, जायफळ घालून.

नारळी पौर्णिमेला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात बशी पाहिली आणि वीस बिस्किटांची ऑर्डर दिली. त्यांच्या लॅब्रॅडॉरचा वाढदिवस पुढच्या रविवारी. मी आधी वजन विचारलं, मग दाण्याची, अंड्याची काही ॲलर्जी नाही ना ते. पैसे सांगताना जरा अडखळले, कुत्र्यांचा दर अजून ठरवलेला नाही. काकू म्हणाल्या, मधल्या बिस्किटावर त्याचं नाव घालाल का? म्हटलं, घालते की, बिटाच्या पाण्याने घालते. काय नाव?

"चॉकलेट," काकू म्हणाल्या.